वाद्य कोणाचे? : हस्तनिर्मित आर्चटॉप गिटार आणि स्वामित्वाचा प्रश्न

१

कलाव्यवहाराची तात्त्विक चर्चा बहुधा कलावंत, कलाकृती आणि रसिक या त्रयीभोवती फिरत राहते. माध्यमाचा विचार तीत होतो. परंतु माध्यम म्हणजे नाद, रंग किंवा शब्द. ज्या वस्तूतून नाद निघतो ती वस्तू या विचारातून अलगद गळून पडते. मर्ढेकरांनी संवेदनांच्या लयबद्ध रचनेत सौंदर्याचा आधार शोधला. त्या भूमिकेनुसार संगीताचे माध्यम नादसंवेदना हेच ठरते आणि वाद्य हे नादाचे केवळ निमित्तकारण उरते. साहित्याच्या क्षेत्रात ही उपेक्षा खपून जाते. कविता कोणत्या लेखणीने लिहिली गेली यावर तिचा अर्थ अवलंबून नसतो आणि ती लिहून होताच लेखणीचे काम संपते. वाद्याचे तसे नाही. वाद्य थांबले की त्याचे संगीतही थांबते.

यामुळेच लेखणीविषयी सहसा न उद्भवणारा एक प्रश्न वाद्याविषयी उपस्थित होतो. ज्या वस्तूचे सारे असणे वाजण्यात आहे, ती एखाद्याच्या 'मालकीची' असणे याचा नेमका अर्थ काय? ती न वाजवता बाळगण्याचा हक्क मालकाला आहे काय? सुमार हातांनी ती वाजवण्याचा हक्क आहे काय? कायद्याच्या दृष्टीने दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. नीतीच्या दृष्टीने ती सोपी नाहीत. या प्रश्नांचा विचार जॅझ संगीतातील हस्तनिर्मित आर्चटॉप गिटारीच्या आधारे करणे अनेक कारणांनी उपयुक्त ठरते. ही गिटार बहुधा एका विशिष्ट वादकाच्या मागणीवरून, त्याच्या हाताच्या मापाने घडवली जाते. तिच्यावर घडवणाऱ्याचे नाव असते. ती महाग असते. आणि ज्या गरजेपोटी ती प्रथम निर्माण झाली ती गरज आज जवळजवळ संपलेली आहे. स्वामित्वाचा प्रश्न ज्या वस्तूपाशी अधिकात अधिक तीव्र व्हावा अशी ही वस्तू आहे.

२

साध्या गिटारीची वरची फळी सपाट असते. आर्चटॉपची फळी व्हायोलिनप्रमाणे कमानदार असते, आणि उत्तम प्रतीच्या वाद्यात ही कमान लाकूड वाकवून नव्हे तर कोरून साधलेली असते. स्प्रूसच्या दोन जुळ्या पाचरी कडेला कड लावून जोडायच्या, पटाशीने आणि लहान रंध्यांनी त्यांना बाहेरून उठाव व आतून पोकळी द्यायची, मध्यभागी जाडी राखून कडांकडे ती कमी करत न्यायची, असा हा क्रम आहे. पाठ आणि बाजू बहुधा मेपलच्या असतात. मध्यवर्ती वर्तुळाकार छिद्राऐवजी दोन्ही अंगांना रोमन 'एफ' अक्षराच्या वळणाच्या फटी असतात. तारा उंच घोडीवरून जाऊन टेलपीसमध्ये अडकवलेल्या असतात. प्रत्येक फळीचा ताठरपणा वेगळा असल्याने जाडीचे माप आधीच ठरवून टाकता येत नाही. कारागीर फळी वाकवून पाहतो, बोटाने वाजवून ऐकतो आणि मग पुढचा पापुद्रा काढतो. काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

ऑर्व्हिल गिब्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामाझू येथे कोरीव फळीची मँडोलिन व गिटार घडवण्यास आरंभ केला. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये स्थापन झाली. या कंपनीत लॉइड लोअर काम करीत असताना, १९२०च्या दशकाच्या आरंभी, 'एल-५' हे 'एफ' फटींचे प्रतिमान सिद्ध झाले. या वाद्यापुढे एक निश्चित काम होते. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या दाट घोषातून, ध्वनिवर्धकाच्या मदतीशिवाय, तालाचा ठोका वृंदापर्यंत आणि श्रोत्यांपर्यंत पोचवणे हे ते काम. काउंट बेसीच्या वृंदात १९३७ पासून १९८७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत फ्रेडी ग्रीनने हेच काम केले. मात्रेमात्रेला एक आघात, स्वतंत्र वादन जवळजवळ नाहीच. त्याची गिटार ऐकू येण्यापेक्षा जाणवत असे. ती थांबली असती तरच तिचे असणे पुरतेपणी लक्षात आले असते.

न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवर १९३२ मध्ये जॉन डी'अँजेलिकोने स्वतःचे दुकान थाटले ते याच वृंदांच्या भरभराटीच्या काळात. १९६४ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तेथे सुमारे ११६४ गिटारी तयार झाल्या. परंतु याच काळात या वाद्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. १९३६ मध्ये गिब्सनची 'ईएस-१५०' ही विद्युत गिटार बाजारात आली. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या संचात ती वाजवू लागला आणि गिटारीला एकल स्वर मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे वृंद ओसरले. शिवाय कोरीव फळीचा गुण तोच रंगमंचावर दोष ठरू लागला. जी फळी मुक्तपणे कंप पावते, ती ध्वनिवर्धकाच्या आवाजानेही कंप पावू लागते आणि वाद्य किंचाळते. पत्र्यासारख्या दाबून घडवलेल्या थरांच्या लाकडाची, तुलनेने मुकी गिटार मंचावर अधिक सोयीची ठरली.

तात्पर्य, कोरीव आर्चटॉप ही आपले मूळ प्रयोजन संपल्यानंतरही जगलेली वस्तू आहे. साहित्यप्रकारांच्या इतिहासात अशी उदाहरणे अपरिचित नाहीत. एखादा प्रकार ज्या सामाजिक गरजेतून जन्मतो ती गरज नाहीशी झाल्यावर तो एकतर अवशेष म्हणून उरतो किंवा स्वतःकडे नव्याने पाहू लागतो. डी'अँजेलिकोच्या हाताखाली १९५२ पासून शिकलेला आणि पुढे त्याची परंपरा चालवणारा जेम्स डी'अक्विस्टो (१९३५–१९९५) याने दुसरा मार्ग स्वीकारला. त्याने अखेरच्या काळातील वाद्यांतून शिंपल्याची जडावाची सजावट व धातूचे अलंकार काढून टाकले, धातूच्या जागी आबनुसी टेलपीस बसवला, आणि वृंदातून घुसणाऱ्या आवाजाऐवजी खोलीत पसरणारा, सूक्ष्म स्पर्शाला उत्तर देणारा आवाज शोधला. हा बदल स्वामित्वाच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे परत यावे लागेल.

३

अशी गिटार ही कलाकृती आहे की साधन? नेल्सन गुडमन याने १९६८ मध्ये कलांच्या संदर्भात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. चित्राची हुबेहूब नक्कल झाली तरी ती नक्कलच असते. मूळ वस्तूचा इतिहास तिच्या ओळखीचा भाग असतो. कवितेची किंवा स्वरलिपीबद्ध रचनेची प्रत मात्र, अक्षर अन् अक्षर बरोबर असेल तर, मूळ कृतीच असते. पहिल्या प्रकारात वस्तू अनन्य असते; दुसऱ्यात कृती प्रतींमधून वावरते. हस्तनिर्मित गिटार पहिल्या प्रकारात बसते. परंतु तिच्यातून जे निर्माण होते ते पहिल्या प्रकारात बसत नाही, आणि जॅझमधील उत्स्फूर्त वादन दुसऱ्यातही नीट बसत नाही, कारण तेथे वादन हीच कृती असते. एक अनन्य वस्तू, जिचे फलित तितकेच अनन्य आणि क्षणजीवी आहे, अशी ही स्थिती आहे. कलाकृतीप्रमाणे केवळ तिच्याकडे पाहत राहणे अपुरे आणि साधनाप्रमाणे दुसऱ्या साधनाने तिची जागा भरून काढणे अशक्य.

कर्तृत्वाचा प्रश्नही येथे गुंतागुंतीचा आहे. डी'अँजेलिकोच्या निधनाच्या वेळी अपुऱ्या राहिलेल्या गिटारी डी'अक्विस्टोने पुऱ्या केल्या. त्यांच्यावर गुरूचे नाव आहे. शेवटचा हात शिष्याचा आहे. आज तर डी'अँजेलिको हे नाव एका कंपनीचे व्यापारचिन्ह असून त्या नावाने आशियातील कारखान्यांत मोठ्या संख्येने गिटारी बनतात. १९६९ मध्ये मिशेल फुको याने लेखकाच्या नावाविषयी असे दाखवून दिले होते की ते केवळ एका व्यक्तीचा निर्देश करत नाही, तर संहितांचे वर्गीकरण, प्रतिष्ठा आणि अभिसरण नियंत्रित करणारे कार्य करते. वाद्याच्या माथ्यावरील नावाबाबत हे अधिकच उघडपणे घडते. हात गेल्यावरही नाव काम करत राहते. नावाला हाताची गरज उरत नाही.

४

यापुढची शंका अधिक मूलगामी आहे. हस्तनिर्मित वाद्याचा सारा महिमा ही एक अभिजनी भ्रांती तर नव्हे? थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच दाखवून दिले होते की यंत्रनिर्मित वस्तू अधिक निर्दोष असूनही हस्तनिर्मित वस्तूतील अनियमितता प्रतिष्ठेची खूण बनते, कारण ती खर्चिकपणाची साक्ष देते. आडोर्नो याने १९३८ मध्ये संगीतातील वस्तुपूजेची चिकित्सा करताना विख्यात जुन्या व्हायोलिनांच्या भक्तीवर बोट ठेवले. चांगल्या आधुनिक व्हायोलिनपासून त्यांचा आवाज वेगळा ओळखणे तज्ज्ञ कानालाच जमते. तरी श्रोता त्या आवाजाने मोहित होतो आणि रचना व वादन यांकडे कान द्यायचे विसरतो, असा त्याचा आक्षेप होता.

अलीकडच्या प्रयोगांनी या आक्षेपाला बळ दिले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ व्हायोलिनवादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून, नवी वाद्ये आणि स्ट्राडिव्हारी व ग्वार्नेरी यांची जुनी वाद्ये वाजवायला दिली. बहुतेकांना कोणते जुने व कोणते नवे हे सांगता आले नाही आणि सर्वांत अधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात, फक्त पाठ व बाजू यांच्या लाकडात फरक असलेल्या सहा सपाट फळीच्या गिटारी ५२ वादकांनी न पाहता वाजवल्या. दुर्मीळ, महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांना त्यांनी दिलेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही. हे प्रयोग आर्चटॉपवर झालेले नाहीत. तरी त्यांचा रोख चुकवता येणार नाही.

जॅझचा इतिहासही हेच सांगतो. व्यसनमुक्तीसाठी कॅलिफोर्नियातील सिनॅनन या संस्थेत राहिलेल्या जो पास याचे, १९६२ मध्ये ध्वनिमुद्रिकेद्वारा लोकांसमोर आलेले वादन स्वतःच्या मालकीच्या गिटारीवरचे नव्हते. पुढे एका चाहत्याने त्याला गिब्सनची 'ईएस-१७५' भेट दिली. ही थरांच्या दाबीव लाकडाची, कारखान्यात बनणारी गिटार तो अनेक वर्षे वाजवत राहिला. जिम हॉलची 'ईएस-१७५' त्याआधी हॉवर्ड रॉबर्ट्स या दुसऱ्या गिटारवादकाकडे होती. दोघांनाही पुढे डी'अक्विस्टोने गिटारी घडवून दिल्या. परंतु त्यांची कला त्या गिटारींची वाट पाहत थांबलेली नव्हती. उसन्या, भेट मिळालेल्या किंवा दुसऱ्याच्या हातून आलेल्या यंत्रनिर्मित वाद्यावर श्रेष्ठ संगीत निर्माण होऊ शकते, हे एकदा मान्य केले की श्रेष्ठ वाद्यामुळे श्रेष्ठ संगीत, हे समर्थन कोसळते.

ते कोसळू देणेच योग्य आहे. हस्तनिर्मित वाद्याचे मूल्य आवाजाच्या निरपवाद श्रेष्ठतेवर उभे करणे म्हणजे त्याला अशा न्यायालयात उभे करणे, जेथे त्याचा पराभव संभवतो. प्रश्न असा आहे की हे समर्थन वजा केल्यावर काही उरते काय.

५

जे उरते ते आवाजात नसून संबंधात आहे. मार्क्सच्या प्रसिद्ध विश्लेषणानुसार क्रयवस्तूच्या व्यवहारात माणसामाणसांतील संबंध वस्तूवस्तूंतील संबंधांचे रूप घेतो. श्रम वस्तूमागे लपतो. मागणीवरून घडवलेल्या वाद्यात हा पडदा निदान काही काळ दूर होतो. वादक कारागिराकडे येतो, आपला हात दाखवतो, कसे वाजवतो ते दाखवतो. मानेची जाडी, तारांमधील अंतर, घोडीची उंची, आवाजाचा पोत यांविषयी बोलणे होते. त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक निर्णयाला जबाबदार असलेली, जिला विचारता येईल अशी एक व्यक्ती असते, आणि तो निर्णय कोणासाठी घेतला गेला तीही व्यक्ती असते. वाद्य म्हणजे या दोघांमधील संभाषणाचे मूर्त रूप होय. आंधळ्या चाचणीत हे संभाषण ऐकू येत नाही, कारण ते ऐकण्याची ती जागाच नव्हे.

परंतु हे संभाषण गिटार सुपूर्द होताच संपते असे मानणे चूक ठरेल. मापाने शिवलेला अंगरखा अंगाला बसतो; वाद्याच्या बाबतीत मराठीत 'वाद्यावर हात बसला' असे म्हटले जाते. बसावे लागते ते हाताला. वाद्य हाताच्या मापाने घडवले जाते, पण पुढे हातही वाद्याच्या वळणाने घडतो. कोणत्या आघाताला ते खुलते, कोठे दबते, कोणत्या पडद्यावर त्याचा स्वर रेंगाळतो, हे कळायला वर्षे लागतात. 'वाजवणे' हे क्रियापद या दृष्टीने सूचक आहे. ते 'वाजणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. वाजते ते वाद्य. वादक त्याला वाजते करतो. कर्तृत्वाचा मोठा वाटा वाद्याकडे ठेवणारी ही रचना आहे. हायडेगरने १९२७ मध्ये हातोडीच्या दृष्टान्ताने दाखवले की वापरातील साधन लक्षातून नाहीसे होते आणि मोडल्यावरच डोळ्यांत भरते. वाद्य या नियमाला पूर्णपणे मानत नाही. हातात असतानाच ते प्रतिकार करते, उत्तर देते आणि वादकाच्या लक्षातून कधीच पुरते नाहीसे होत नाही.

'मागणीवरून घडवणे' याचा अर्थ केवळ खरेदीपूर्वीची मागणी असा घ्यायचा नाही, हे भारतीय संगीतातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. गिब्सनने १९३४ मध्ये काढलेल्या मोठ्या आकाराच्या आर्चटॉपचे नाव 'सुपर ४००' असे होते. चारशे डॉलर या किमतीवरून ते पडले. किंमतच ज्या वाद्याचे नाव झाली असे हे वाद्य पं. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी ते मांडीवर आडवे घेतले, तारा उंच उचलल्या, साथीच्या तारेची भर घातली आणि पोलादी तुकडा तारांवरून सरकवत ते वाजवले. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडून घेतलेली तालीम त्यांनी या वाद्यात उतरवली. पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेमुळे ही गिटार घरोघर पोचली. ज्या पडद्यांसाठी मानेची पट्टी इतक्या काटेकोरपणे घडवली जाते, ते पडदे येथे निरुपयोगी झाले. तालाच्या ठोक्यासाठी जन्मलेल्या वाद्यातून मींड निघाली. हे वाद्य काबरांसाठी घडवलेले नव्हते, तरी ते पूर्णपणे त्यांचे झाले. ते त्यांचे झाले ते किंमत मोजल्याने नव्हे, तर त्याला एक नवी मागणी घातल्याने आणि त्या मागणीसाठी स्वतःला बदलल्याने.

६

येथून मूळ प्रश्नाकडे वळता येते. आज मान्यवर कारागिराने घडवलेल्या आर्चटॉपची किंमत दहा हजार डॉलरांच्या बरीच वर जाते. जॅझवर उपजीविका करणाऱ्या बहुसंख्य वादकांना ती परवडत नाही. विकत घेणाऱ्यांत मोठा वाटा सुस्थित हौशी वादकांचा आणि संग्राहकांचा असतो. म्हणजे ज्यांच्या हातात हे वाद्य पूर्णपणे बोलेल त्यांच्यापाशी ते नाही, आणि ज्यांच्यापाशी आहे त्यांच्या हातात ते अर्धेच बोलते. मात्र या दुसऱ्या वर्गाने पैसा दिला नाही तर हे वाद्य घडणारच नाही आणि ही कारागिरी पुढच्या पिढीकडे जाणार नाही. ही विसंगती कोणा एकाच्या लोभातून उद्भवलेली नाही. म्हणूनच ती उपदेशाने सुटत नाही.

हौशी वादकाविरुद्धचा आक्षेप प्रथम पाहू. सुमार हातांना उत्तम वाद्य बाळगण्याचा अधिकार नाही, या म्हणण्यामागे असे गृहीतक आहे की वाद्याचे प्रयोजन श्रेष्ठ सादरीकरणात संपते. परंतु कोरीव आर्चटॉपचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. मंचावरील मोठ्या आवाजात हे वाद्य अडचणीचे झाले. डी'अक्विस्टोने त्याला जो नवा स्वर दिला तो लहान खोलीत, जवळून, अंगाला वाद्याची पाठ टेकलेली असताना सर्वांत जास्त कळणारा आहे. घरात एकटा वाजवणारा माणूस या वाद्याचा गैरवापर करत नसून त्याच्या आजच्या स्वरूपाला अनुरूप असेच काही करत असतो. नैतिक निकष कौशल्याचा असू शकत नाही; तो असलाच तर उत्तरदायित्वाचा आहे. वाद्य जे मागते त्याला हा माणूस उत्तर देतो काय, त्याच्या हाताला वळण लागू देतो काय, हा खरा प्रश्न आहे. चाळीस वर्षांच्या रियाजानेही जो सामान्य वादकच राहिला तो या निकषावर उतरतो. एकदा वाजवून, आवाज पारखून, किंमत वाढण्याची वाट पाहणारा उतरत नाही, मग त्याचे बोट कितीही तयार असो.

संग्राहकाची गोष्ट अधिक अवघड आहे. वाल्टर बेन्यामिन याने १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहकाच्या मालकीला वस्तूशी असलेल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या नात्याचा मान दिला आणि न वाचलेल्या पुस्तकांबद्दल त्याला दोषी धरले नाही. ग्रंथांच्या बाबतीत हे मान्य करता येते. गुडमनच्या भेदाची येथे पुन्हा आठवण होते. कपाटातील न वाचलेल्या पुस्तकाच्या इतर प्रती अन्यत्र वाचल्या जात असतात. संग्राहकाच्या मौनाने संहिता मुकी होत नाही. हस्तनिर्मित वाद्याला दुसरी प्रत नसते. कपाटात ते मुके असेल तर सर्वत्र मुकेच असते. मार्क्सने १८४४च्या हस्तलिखितांत म्हटले होते की खाजगी मालमत्तेने माणसाला इतके एकांगी केले आहे की सर्व इंद्रियांची जागा केवळ 'बाळगण्याच्या' जाणिवेने घेतली. न वाजणाऱ्या गिटारीचा मालक हे या विधानाचे शब्दशः उदाहरण ठरते; त्याच्या कानाची जागा त्याच्या मालकीने घेतलेली असते. त्यात कारागिराच्या मृत्यूची भर पडते. पुरवठा कायमचा थांबल्याने किंमत चढते आणि ज्याने हात झिजवला त्याच्या मरणाचा लाभ ज्याने काही घडवले नाही त्याला होतो.

तथापि सर्व संग्राहकांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. अमेरिकन संग्राहक स्कॉट चिनरी याने डी'अक्विस्टोच्या एका निळ्या गिटारीने प्रभावित होऊन, १९९०च्या दशकाच्या मध्यास, बावीस कारागिरांना प्रत्येकी एक आर्चटॉप घडवण्यास सांगितले. रुंदी अठरा इंच आणि रंग निळा, एवढ्या अटी ठरल्या होत्या. उरलेले सर्व कारागिरावर सोपवले होते. रंग आणि आकार समान ठेवल्यानेच प्रत्येक हाताचे वेगळेपण उठून दिसले. कवितेत छंद जे काम करतो तेच येथे या बंधनांनी केले. हा संग्रह १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत प्रदर्शित झाला. चिनरीच्या संग्रहातील वाद्यांवर मार्टिन टेलर आणि स्टीव्ह हाउ या वादकांनी केलेले ध्वनिमुद्रण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मागणी कोणा वादकाच्या हाताच्या मापाची नव्हती. त्या अर्थाने तिच्यात संभाषणाचा एक पक्ष अनुपस्थित होता. तरीही जी वाद्ये एरवी अस्तित्वात आलीच नसती ती या मागणीतून आली आणि त्यांतील काही तरी वाजली. काचेआडची गिटार हे या प्रकरणातील उणे अंग. परंतु ते पुढे करून त्यातून झालेली निर्मिती नाकारता येत नाही. चिनरीचा मृत्यू २००० मध्ये झाला. त्याने घडवून घेतलेल्या गिटारी त्याच्यामागे उरल्या, आणि प्रत्येक गिटारीचे हेच होते.

७

या शेवटच्या गोष्टीत प्रश्नाची किल्ली आहे. नीट राखलेली कोरीव गिटार मालकापेक्षा अधिक काळ जगते. ती एका हाताच्या मापाने घडते, पण एका हातापाशी थांबत नाही. तिच्या संदर्भात 'माझी' हा शब्द दोन्ही टोकांना अपुरा पडतो. मागे पाहावे तर तिच्यात कारागिराचे आणि त्याच्या गुरूचे हात आहेत. पुढे पाहावे तर अद्याप न जन्मलेल्या वादकाचा हात आहे.

मराठीत स्वामित्व सांगण्याच्या रीती येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. 'बाळगणे' या क्रियापदात जपण्याचा अर्थ आहे. पण इंग्रजीतील स्वामित्ववाचक क्रियापदाला नेमका प्रतिशब्द मराठीत नाही. 'मला बहीण आहे', 'माझे घर आहे', 'माझ्याकडे गिटार आहे' अशा वेगवेगळ्या रचना ते काम करतात, आणि तिन्हींत क्रियापद 'असणे' हेच आहे. वाद्यासाठी स्वाभाविकपणे येते ते 'माझ्याकडे'. हे स्थलवाचक अव्यय आहे. वस्तू सध्या कोठे आहे एवढेच ते सांगते. उद्या ती दुसऱ्याकडे असू शकेल हे त्या रचनेतच गृहीत आहे. 'बाळगणे' आणि 'असणे' या दोन वृत्तींतील भेद एरिक फ्रॉम याने १९७६ मध्ये मांडला तेव्हा भाषांच्या अशाच रचनांकडे त्याने लक्ष वेधले होते. व्याकरणातून नीती निष्पन्न होत नाही, हे खरे; मराठी बोलणारा मालक इंग्रजी बोलणाऱ्या मालकापेक्षा कमी लोभी असतो असे कोणी म्हणणार नाही. पण भाषेने जपून ठेवलेली एखादी शक्यता विचाराला उपलब्ध असते, आणि ती वापरण्यास हरकत नसावी.

या शक्यतेला विश्वस्तवृत्ती म्हणता येईल. गांधींनी संपत्तीच्या संदर्भात मांडलेल्या विश्वस्ताच्या कल्पनेवर असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो योग्यही आहे, की ती श्रीमंताच्या सदिच्छेवर विसंबते आणि व्यवस्थेला हात लावत नाही. वाद्याच्या बाबतीतही हा आक्षेप उरतो. ज्या वादकाला ही गिटार परवडत नाही त्याला मालकाच्या विनम्र भावनेने ती मिळणार नाही. म्हणून विश्वस्तवृत्ती ही केवळ भावना असून भागणार नाही. तिला काही कृतींत उतरावे लागेल. वाद्य वाजते ठेवणे, ते दुरुस्त करत राहणे, ज्याच्या हातात ते अधिक बोलेल त्याच्या हाती प्रसंगी देणे, आणि ते कोणाकडे जावे हा निर्णय केवळ किमतीवर न सोपवणे, या त्या कृती होत. परंपरेने 'ऋण' या शब्दाने ज्या बांधिलकीचा निर्देश केला, जी मागच्यांकडून येते आणि पुढच्यांना देऊनच फिटते, तिच्याशी या कृतींचे नाते आहे. स्वामित्व हक्काने सुरू होते. ऋण घेण्याने सुरू होते. हस्तनिर्मित वाद्य विकत घेणारा स्वतःला मालक समजतो, पण वस्तुतः तो ऋणको झालेला असतो.

एवढे मान्य केले तरी एक विसंगती सुटत नाही, आणि ती सुटल्याचे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या व्यवस्थेत ही कारागिरी जगते ती व्यवस्था वाद्याला वादकापासून दूर नेणारीच आहे. ऋणाची जाणीव ठेवणारा मालकही त्या व्यवस्थेच्या आतच उभा आहे. मात्र या मर्यादेतही मालकामालकांत फरक करता येतो, आणि त्याचा निकष फ्रेडी ग्रीनच्या गिटारीत सापडतो. अर्धशतक ती वृंदाच्या आत राहिली, स्वतः फारशी ऐकू न येता इतरांच्या स्वरांना आधार देत राहिली. ती कायद्याने कोणाची होती हे सांगता येते. ती वाजताना मात्र साऱ्या वृंदाची होती, आणि मालकीचा प्रश्न तेवढ्या वेळापुरता कोणाच्याच मनात उरत नव्हता. ज्या घरात, ज्या हातात वाद्याविषयी असा वेळ येतो तेथे ते योग्य जागी आहे. ज्या घरात तो कधीच येत नाही तेथे त्याची किंमत कितीही मोजलेली असो, ते वाद्य अजून कोणाचेच झालेले नाही.